थोरलीनं निवडलेलं हॉटेल

"हॉटेल थोरली निवडेल. बाकी कुणी त्यात तोंड घालायचं नाही."

बाबा एवढंच म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले... पण टेबलाभोवती बसलेल्यांचे घास मात्र हातातल्या हातात राहिले! धाकट्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं बाबांकडे पाहिलं, आणि जिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं ती थोरली, वाढायला म्हणून बाबांच्या ताटावर वाकलेली, हातात पळी धरून तशीच वाकलेली राहिली.

आता यात दचकण्यासारखं काय, असं परक्या माणसाला वाटेल. बापाचा पंचाहत्तरावा वाढदिवस, लेकाला हौस की एकदा सगळ्यांनी मिळून शहरातल्या एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवावं, आणि बाप म्हणतो की जागा लेकीनं निवडावी... सरळ गोष्ट! पण या घरात ती सरळ नव्हती. वीस-बावीस वर्षं झाली, बाबा थोरलीशी कामापुरतं बोलत, आणि तेही भिंतीकडे बघून. तिच्या हातचं जेवत, पण तिच्या हातचा चहा घेत नसत. सकाळी आपला आपण करून घेत, कप आपला आपण विसळून ठेवत, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात पदर चाळवत उभी राही. एका छपराखाली राहून माणूस माणसाला किती लांब ठेवू शकतो ते तिला रोज सकाळी नव्यानं कळे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

बाबा एका जुन्या पेढीत चहापारखी होते. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लावायची, चमच्यानं एकेक घोट सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकून टाकायचा, आणि मग सांगायचं की हा माल कुठल्या उतारावरचा, तोडणी कधीची, वाळवताना कुणी घाई केली. त्यांच्या एका शब्दावर ट्रक भरत नाहीतर रिकामे परत जात. त्या खोलीत अत्तर लावून जायची कुणाची छाती नव्हती, सुगंधी साबणाला बंदी होती, मालकीणबाईंनी हौसेनं आणलेला फुलांचा गुच्छसुद्धा त्यांनी एकदा बाहेर व्हरांड्यात ठेवायला लावला होता! धाकट्याला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. पण थोरलीचं नाक, थोरलीची जीभ... "माझ्याहून सरस आहे पोरगी," बाबा म्हणत, "फक्त तिला स्वतःला ते अजून कळलेलं नाही." आई गेल्यानंतर बापलेकीचं सगळं विश्व त्या कपांच्या रांगेत सामावलं होतं. "माझ्यामागे माझ्या खुर्चीत माझी मुलगी बसेल," असा शब्द बाबा मालकापाशी टाकून आले होते. आणि त्या खुर्चीसाठी घेतलेल्या परीक्षेच्या ऐन दिवशी, सगळी पेढी जमलेली असताना, कपांसमोर बसलेली थोरली उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मला हे काम नको. मला यात गोडी नाही."

बाबांची मान त्या दिवशी जी खाली गेली ती गेलीच.

पण खरं काय घडलं होतं ते फक्त तिच्या काळजाला माहीत होतं. त्या परीक्षेच्या महिनाभर आधी धाकट्यानं बाबांची स्कूटर न विचारता काढली होती आणि ताईला मागे बसवलं होतं. कॉलेजात प्रवेश मिळाल्याचा आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता. बाबांनी त्याला बजावून ठेवलं होतं की आणखी एक उपद्व्याप केलास तर कॉलेज बंद, गोदामात पोती उचलायला धाडीन, आणि बाबा बोलल्यासारखं करणाऱ्यांतले होते. "हळू... अरे हळू," असं ती मागून म्हणतेय तोवर वळणावरच्या खडीवर चाक घसरलं, आणि तिच्या डोक्याची मागची बाजू फुटपाथच्या कडेवर आपटली. रक्त नाही, काही नाही! धाकट्याचा गुडघा तेवढा खरचटला. "ताई, बाबांना सांगू नकोस," तो रडवेला होऊन म्हणाला, आणि ती म्हणाली, "नाही सांगत, वेड्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं तेव्हा वाफ चेहऱ्यावर आली... पण वास आला नाही. चहाचा नाही, दुधाचा नाही, कशाचाच नाही. जिभेला गोड कळे, खारट कळे, बाकी सगळं पुसून गेलेलं! ती गुपचूप डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार बसला की असं होतं, कधी परत येतं, कधी नाही. ती महिनाभर वाट पाहत राहिली. परत आलं नाही. खरं सांगावं तर पोराचं कॉलेज गेलं असतं, आणि कॉलेज एक वेळ वाचलंही असतं, पण आईमागे रात्र रात्र जागणारा तो हळवा मुलगा "मी ताईचं आयुष्य घालवलं" हे ओझं घेऊन कसा जगला असता? म्हणून तिनं गोडी नाही म्हटलं, बापाची नजर गमावली, कपड्यांच्या दुकानात पँट्स आखूड करायचं काम धरलं, आणि गप्प राहिली. स्वयंपाक ती घड्याळावर आणि रंगावर करी. दूध वरून हुंगल्यासारखं करी आणि हळूच बोट बुडवून जिभेला लावी. शेजारीपाजारी म्हणत, काय बाई हिचं टापटिपीचं घर, उरलंसुरलं संध्याकाळपर्यंत ठेवत नाही!

आणि आता बाबा म्हणत होते, हॉटेल थोरली निवडेल.

"ताई, बाबा विरघळले गं," दुसऱ्या दिवशी धाकटा फोनवर म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं भरून आला होता. "तुझी जीभ अजून शाबूत आहे का ते त्यांना बघायचंय. तू फक्त नीट निवड. एकदा का ते जेवून तृप्त झाले की संपलं सगळं."

आणि चुकलं तर? बापाच्या मनाचं दार इतक्या वर्षांनी जरासं किलकिलं झालं होतं, ते कायमचं बंद होणार. आणि आपल्याला वासच येत नाही हे उघडं पडलं, तर धाकटा पहिला प्रश्न विचारणार... कधीपासून? इकडे आड, तिकडे विहीर. 

धाकटा कामावर, तेव्हा हॉटेलं बघायला तिच्याबरोबर निघाली ती त्याची बायको. ही सूनबाई शाळेत विज्ञान शिकवायची. पोरांनी बाकाखाली काय लपवलंय हे फळ्याकडे तोंड करून ओळखणारी बाई! तिच्याबरोबर हिंडायचं म्हणजे थोरलीला पोलिसाबरोबर हिंडल्यासारखं वाटत होतं.

पहिलं हॉटेल उंच इमारतीच्या माथ्यावर होतं. काचेतून खाली सगळं शहर, वेटर कसले, एकेक नवरदेव! सूनबाई खूश झाली. थोरलीनं सूप चाखल्यासारखं केलं, खरं लक्ष ठेवलं ते आत परत जाणाऱ्या ताटल्यांवर. अर्ध्याहून जास्त अन्न तसंच माघारी चाललं होतं. लोक इथे बाहेर बघायला येतात, जेवायला नाही. "नको," ती म्हणाली. "इथे नाव मोठं नि लक्षण खोटं आहे."

"एका घोटात ओळखलंत?" सूनबाई कौतुकानं म्हणाली. थोरली कसनुसं हसली.

दुसरं हॉटेल जुन्या बाजारपेठेत, मंद दिव्यांचं. टेबलाटेबलावर मेणबत्त्या होत्या. थोरली खाली मान घालून मेनू वाचत होती, आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की आजूबाजूची माणसं माना वळवून तिच्याकडेच बघतायत. मागच्या टेबलावरचा कापडी रुमाल मेणबत्तीला लागून धुमसत होता. लोक नाकाला हात लावून उठले होते, वेटर पाण्याचा जग घेऊन धावत आला होता... आणि ती तिथून हातभर अंतरावर निवांत बसून मेनूची पानं उलटत होती!

सूनबाईनं पर्स उचलली. बाहेर फुटपाथवर आल्यावर तिनं थोरलीचा दंड धरला.

"ताई, तुम्हाला वास येत नाही."

"सर्दी झालीय गं."

"ताई, मी रोज पन्नास पोरांची खोटी कारणं ऐकते."

मग थोरलीचा बांध फुटला. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाठ करून, इतक्या वर्षांत जे स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलली नव्हती ते सगळं तिनं सांगून टाकलं. आणि सांगून होताच घाबरली.

"त्याला सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला."

"तो माझा नवरा आहे, ताई. आणि तुम्हाला ठाऊक आहे तो पाहुण्यांत काय सांगतो? ताईला देवानं सगळं दिलं, जिद्द तेवढी द्यायला विसरला. हसत सांगतो. आणि मीही हसते." सूनबाई तिच्याशेजारी पायरीवर बसली. "मीही हसले आहे."

"हसू दे त्याला. हसतोय म्हणजे सुखात आहे."

सूनबाईनं डोळे पुसले. मग ती म्हणाली, "शपथ मोडणार नाही. पण हे मला पटलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

तिसरी जागा थोरलीनं एकटीनंच शोधली. एका शांत गल्लीतलं लहानसं हॉटेल, नवरा आत रांधणारा, बायको बाहेर बघणारी, टेबलं मोजकीच. थोरली तिथे दोन दुपारी येऊन कोपऱ्यात बसली आणि ताटल्या पाहत राहिली. इथे ताटल्या पुसून गेल्यासारख्या परत जात होत्या! एक म्हातारे गृहस्थ तर पावाच्या तुकड्यानं वाटीची कड निपटून घेत होते. तिचा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे नाक नसेल, पण इतकी माणसं खोटं कशी जेवतील?

"वडिलांचा वाढदिवस आहे," ती हॉटेलवालीला म्हणाली. "काही कमी पडायला नको."

"मग फुलं लावू का भरपूर? लिली मिळते ताजी."

आणि थोरलीच्या डोळ्यांपुढे ते पांढरंशुभ्र टेबल उभं राहिलं, मधोमध बाबा, आणि भोवती पांढरी, मोठाली फुलं... किती वर्षांत तिनं बाबांना काही दिलं नव्हतं, म्हणजे त्यांनी घेतलं नव्हतं! "लावा," ती हरखून म्हणाली. "सगळ्या टेबलभर लावा." फुलांना वास असतो हे काय ती विसरली होती? विसरली नव्हती हो. पण इतकी वर्षं फूल म्हणजे तिच्यासाठी फक्त रंग होता, आणि आनंदाच्या भरात माणूस आपल्या अनुभवानंच चालतो.

वाढदिवसाच्या संध्याकाळी ती आधीच जाऊन थांबली होती. टेबल अगदी मनासारखं सजलं होतं. धाकटा, सूनबाई आणि मधोमध कोट घातलेले बाबा दारात आले... आणि दारातच थांबले. धाकट्यानं खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. थोरलीला वाटलं, त्याला पडसं झालंय.

बाबांचा चेहरा मात्र पार उतरला होता.

"फुलं कुणी सांगितली?"

"मी, बाबा."

"तू." त्यांचा आवाज अगदी खालच्या पट्टीत होता, आणि तोच आवाज घरात सगळ्यांना जास्त भिववी. "जेवणाच्या टेबलावर लिली. मी तुला शिकवलेली पहिली गोष्ट काय होती? चाखायच्या जागी वास नको. इतक्या वर्षांनी मी म्हटलं, जाऊ दे, मरण्याआधी एकदा हात पुढे करून बघू. आणि तू मला हे उत्तर दिलंस. भर पेढीत दिलंस तसंच, चारचौघांत."

"बाबा, तसं नाही..."

"ताई, तुला कळत कसं नाही," धाकटा चिडून म्हणाला. "एवढी एक संधी मिळाली होती. एवढीच एक."

सूनबाईनं तोंड उघडलं, थोरलीनं डोळ्यांनीच तिला थोपवलं. हॉटेलवाली बिचारी गुच्छ उचलायला पुढे झाली. बाबा जायला वळले, कोटाचं बटण लावायला लागले, आणि बोटं बटणावरच थबकली. ते परत वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं.

"इकडे ये. वास घे आणि सांग. कसला येतोय?"

"लिलीचा."

"आणखी?"

थोरलीनं आतल्या दाराकडे पाहिलं. "कांदा परततायत... लोण्यात."

"आणखी?"

 तिनं खुर्च्यांकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, सूनबाईच्या ओठांकडे पाहिलं.

"सूनबाई, तू नको सांगूस." बाबा अगदी जवळ आले होते. "फुलांच्या वर चढणारा वास आहे, पोरी. दारातून आत पाऊल टाकताच डोकं भणभणलं. तुझ्या भावालासुद्धा कळलाय, आणि त्याचं नाक म्हणजे नुसतं चष्मा ठेवायला आहे. सांग."

तिला काय सांगता येणार होतं? हॉटेलवालीनं मोठ्या माणसाचा मान म्हणून काल सगळ्या खुर्च्यांना पॉलिश करून घेतलं होतं, आणि ते अजून पुरतं सुकलं नव्हतं! सगळा हॉल त्या उग्र वासानं भरला होता, आणि त्यात फक्त एक बाई होती जिच्या लेखी तिथे काहीच नव्हतं.

बाबा तिच्याकडे पाहत होते. आयुष्यभर माणसांना वास घेताना पाहिलेला तो माणूस. वास घेणारा आधी श्वास रोखतो, मग छोटे छोटे ओढतो. या पोरीनं एकच लांब श्वास घेतला होता, दमलेलं माणूस घेतं तसा.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "कधीपासून?"

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तेव्हापासूनच, बाबा. परीक्षेच्या आधीपासून. सर्दी झाली होती, त्यात गेलं."

"सर्दीनं नाही."

सूनबाई बोलली होती. थोरलीनं तिच्याकडे कळवळून पाहिलं, पण सूनबाईनं नजर वळवली ती नवऱ्याकडे. "माफ करा ताई, शपथ मोडतेय. अहो, तुम्ही स्कूटर पाडली होती ना, कॉलेजला जायच्या आधी? ताई मागे बसल्या होत्या. त्यांचं डोकं आपटलं होतं."

धाकट्याच्या हातातला रुमाल खाली पडला. त्याला सगळं समजायला वेळ लागला. तो त्याच ओल्या पॉलिशच्या खुर्चीवर बसला आणि चेहरा दोन्ही हातांत धरून लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला. "मी तुला जिद्द नाही म्हणत आलो... सगळ्यांसमोर... ताई, मी जोरात घेतली होती ना? तू हळू म्हणत होतीस ना?"

"नाही रे," थोरली त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "मीच म्हटलं होतं, जोरात घे. तुला आठवत नाही. मलाच वारा खायची हौस."

सूनबाईनं मान खाली घातली. बाबांनी ते खोटं बरोबर ओळखलं असणार, पण त्यांनी ते खोडलं नाही.

मग ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "ट्रकभर मालातलं एक पोतं दमट असलं तर मी सांगत होतो. आणि माझ्या घरात माझी पोर... मी रोज तिच्या हातचं जेवत होतो. आणि चहा तेवढा घेत नव्हतो, तिला टोचावा म्हणून. मला काय कळत होतं गं? काय म्हणून लोक मला मानत होते?"

"बाबा, मीच कळू दिलं नाही."

"ते तुझं मोठेपण. माझं काय?"

हॉटेलवाली गुच्छ हातात धरून अवघडून उभी होती. तिनं विचारलं, फुलं बाहेर नेऊ का, की तुम्ही निघताय?

"निघायचं कशाला," बाबा म्हणाले. "आणि फुलं राहू द्या. लेकीनं आणलीत."

ते बसले, ते थोरलीच्या शेजारी. धाकट्याला सूनबाईनं पाणी पाजलं. कांद्याचं सूप आलं, वाफाळतं. कुणाचाच हात पुढे होईना. तेव्हा बाबांनी स्वतःची वाटी बाजूला सारली आणि लेकीची वाटी पुढे ओढून तिच्यावर वाकले, जसे कपांवर वाकत तसे.

"डोळे मीट," ते म्हणाले. "मी सांगतो. कांदा आहे, पण घाईचा नाही, निवांत बसून परतलेला. रंग गुळासारखा होईपर्यंत थांबलाय माणूस. मागे जायफळ आहे, चिमूटभर. चीज जरासं करपलंय कडेला, पण ते मुद्दाम. पॉलिश मधे मधे तोंड खुपसतंय, त्याकडे दुर्लक्ष कर." धाकट्याला रडता रडता हसू आलं. बाबा पुन्हा खाली वाकले. "आणि पाव आहे, भाजलेला. तुझी आई गाद्या उन्हात घालायची. संध्याकाळी आत आणल्या की तू त्यावर उडी मारून नाक खुपसायचीस, आणि ती ओरडायची. तो वास. अगदी तो नाही, पण त्याच्या घरचा."

थोरलीच्या मिटल्या डोळ्यांतून आसवं ओघळत होती.

"आला का?" बाबांनी विचारलं. इतक्या आशेनं विचारलं, की हो म्हणणं किती सोपं होतं! आयुष्यभर तिनं याहून अवघड खोटं सहज पेललं होतं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "पण आठवला."

बाबांनी मान डोलावली. मग त्यांनी चमचा भरला, फुंकर घालून निववला आणि तिच्या तोंडाशी नेला.